जास्तीची एकोणचाळीस मते

मोजणीबाईंच्या निवृत्तीला नऊ महिने उरले होते, आणि त्या नऊ महिन्यांत त्यांना एकच गोष्ट डोळ्यांनी पाहायची होती : नियम बावीस रद्द झालेला. निरोपाच्या भाषणांत त्यांना रस नव्हता. निवृत्तिवेतनाचे अर्ज टेबलाच्या खालच्या खणात कोरे पडले होते आणि आस्थापनेतला कारकून त्यांची आठवण करून देऊन थकला होता.

वरिष्ठ सभागृहाच्या निवडणूक कार्यालयात त्या तेहतीस वर्षे मते मोजत आल्या होत्या. आधी गठ्ठे बांधणाऱ्या, मग टेबलप्रमुख, आणि गेली सोळा वर्षे मोजणीप्रमुख. खरे नाव हजेरीपटापुरते उरले होते. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत, आणि पाठीमागे ‘बावीस नंबर’. हे पाठीमागचे नाव त्यांच्या कानावर आले, तेव्हा ‘यात खोटं काही नाही’ एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढच्या कागदाकडे वळल्या.

नियम समजायला अवघड नव्हता. तो समजून घ्यावा अशी कोणाला इच्छा होणे अवघड होते. वरिष्ठ सभागृहाचे सदस्य जनता थेट निवडत नसे. गावोगावच्या नगरसभांमधले निवडून आलेले सदस्य त्यांना निवडत. प्रत्येक मतदाराने उमेदवारांच्या नावांपुढे आपली पहिली, दुसरी, तिसरी पसंती आकड्यांत लिहायची. एखाद्याला गरजेपेक्षा जास्त मते पडली, तर जास्तीची मते वाया जाऊ द्यायची नाहीत. त्या मतपत्रिकांवर दुसऱ्या पसंतीला ज्याचे नाव असेल, त्याला ती द्यायची. कल्पना शहाण्या माणसांची होती आणि बाईंना तिच्याविषयी आदर होता. घोडे अडत होते ते पुढे. ऐंशी मते लागत असताना शंभर मिळाली, तर त्या शंभरांतली जास्तीची वीस नेमकी कोणती? नियम बावीस सांगत होता : गठ्ठ्यात सर्वांत वर असतील ती.

वर कोणती असणार? सर्वांत शेवटी उघडलेल्या पेटीतली. शेवटी कोणती पेटी उघडणार? जी सर्वांत उशिरा पोचली ती. म्हणजे ज्या गावाची गाडी वाटेत पंक्चर झाली, त्या गावाच्या दुसऱ्या पसंतीने देशाचा एक कायदेकर्ता ठरायचा. आणि ज्या गावाची गाडी वेळेआधी दारात उभी राहिली, त्या गावाची दुसरी पसंती गठ्ठ्याच्या तळाशी, कोणाच्याही नजरेस न पडता, लाखेच्या मोहरेखाली जायची.

बाईंचे वडील वजनमापे निरीक्षक होते. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात गेल्यावर लोक दुकानातल्या मालाकडे पाहत आणि ही मुलगी दुकानदाराच्या अंगठ्याकडे. काट्याला अंगठा लावून माप मारणारे दुकानदार तिने इतके पाहिले होते की ती त्यांना चालण्यावरून ओळखत असे. पण प्रत्यक्ष नियमानेच अंगठा ठेवायला सांगितला आहे, आणि तो अंगठा आपला आहे, असा प्रसंग वडिलांनी पाहिला नव्हता. तो मुलीच्या वाट्याला आला.

चौदा वर्षांपूर्वी एक निवृत्त मुख्याध्यापक शेवटच्या जागेसाठी दोन मतांनी पडले. पत्रिका मोहोरबंद होण्याआधी, बाकीचे चहाला गेलेले असताना, बाईंनी केवळ पडताळा म्हणून सगळ्याच पत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. त्या हिशोबाने मुख्याध्यापक सहज निवडून येत होते. बाई कागद घेऊन तेव्हाच्या साहेबांकडे गेल्या.

‘नियम काय म्हणतो?’ साहेबांनी विचारले.

‘वरच्या घ्या म्हणतो.’

‘तुम्ही वरच्या घेतल्यात?’

‘घेतल्या.’

‘मग बाई, चहा घ्या.’

थोड्या वेळाने मुख्याध्यापक स्वतः मोजणीच्या दालनात आले. प्रत्येक टेबलाशी जाऊन त्यांनी कर्मचाऱ्यांचे आभार मानले. बाईंपाशी आल्यावर म्हणाले, ‘लोकांचा कौल. लोकांना मी नको होतो, तर त्यात तुमचा काय दोष?’ बाईंच्या जिभेच्या टोकावर वाक्य आले होते : लोकांना तुम्ही हवे होतात, एका गाडीचं चाक बसलं. ते त्यांनी गिळले. गोपनीयतेची शपथ होती, नियम पाळला गेला होता, आणि समोरच्या माणसाला सत्य कळून उपयोग काहीच नव्हता. मुख्याध्यापक पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. लोकांनी आपल्याला नाकारले, असेच ते पुढे सांगत राहिले, असे बाईंच्या कानावर येई, आणि ज्या दिवशी येई त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

त्यानंतर त्यांनी टिपण लिहिले. दोन पानांचे, सुवाच्य. जास्तीच्या पत्रिका निवडायच्याच नाहीत. सगळ्याच्या सगळ्या पुढे पाठवायच्या, मात्र प्रत्येकीची किंमत त्या प्रमाणात कमी धरायची. शंभरांतली वीस जास्तीची असतील, तर शंभरही पत्रिका पुढे जातील आणि प्रत्येक पत्रिका एक पंचमांश मत धरली जाईल. गाडी कधी आली, पेटी कुठे ठेवली, याचा संबंधच उरणार नाही.

निवडणूक सुधारणेच्या पहिल्या समितीने हे टिपण हरवले. दुसऱ्या समितीच्या अध्यक्षांनी बाईंना विचारले, ‘तुमचं शिक्षण गणितातलं का?’ नाही, असे बाईंनी सांगितल्यावर ते समाधानाने मागे रेलले. त्या समितीचा अहवाल छापून झाला, पण सभागृहासमोर ठेवला गेला नाही; सरकार पडले. आता तिसरी समिती बसली होती, आणि तिच्यासमोर बाईंना दहा मिनिटे मिळाली होती. पुढची समिती आणखी दहा वर्षांनी बसली तर बसली.

‘दहा मिनिटांत तू त्यांना काय सांगणार?’ ताई म्हणाल्या. ‘मला सांगायला तुला एक वर्ष लागलं होतं.’

ताई म्हणजे बाईंच्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. नवरा जाऊन अकरा वर्षे झाली होती. तेव्हापासून दोन खोल्यांच्या त्या घरात या दोघीच राहत. ताई बायकांचे कपडे शिवत. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीला कापडाचे तागे, आणि सगळीकडे बटणे. त्या शाळेत फार दिवस गेल्या नव्हत्या, पण कापडाच्या कोणत्या तुकड्यातून किती बाह्या निघतील, हे त्या नजरेने सांगत.

‘एक वर्ष मला लागलं नाही, ताई. तुमचं लक्ष नव्हतं.’

‘लक्ष कसं असणार? तू पंचमांश म्हणतेस आणि माझी टीप वाकडी जाते.’ ताईंनी दोरा दाताने तोडला. ‘त्यांना बटणं दाखव. पांढरी एका उमेदवाराची, काळी दुसऱ्याची. डब्यात भर. वरची काढली की कसं सगळं पांढरंच येतं, ते दाखव. मला तसंच कळलं होतं.’

‘समितीपुढे बटणं घेऊन जाऊ?’

‘न्यायमूर्तींच्या सदऱ्यालाही बटणं असतात, वहिनी. ती काय आपोआप बसतात?’

बाई बटणे घेऊन गेल्या.

समितीत नऊ जण होते. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायमूर्ती, त्यांच्या उजव्या हाताला राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक, डाव्या हाताला सभागृहात तीनदा बसून आलेले एक ज्येष्ठ राजकारणी, ज्यांना सगळे काका म्हणत. बाईंना अकराची वेळ दिली होती. आत बोलावणे आले ते सव्वा वाजता. तोपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून त्यांना दारातून सगळे ऐकू येत होते. एका साक्षीदाराचे म्हणणे होते की हे सभागृह जनतेने थेट निवडावे. दुसऱ्याचे, की ते बरखास्त करावे. तिसऱ्याचे, की शेतीला, उद्योगाला, शिक्षणाला वेगवेगळ्या जागा असाव्यात. प्राध्यापक प्रत्येकाशी अर्धा अर्धा तास वाद घालत होते आणि वादात सर्वांना रंग चढला होता. बाईंना या प्रश्नांचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. पण त्यांनी तीन समित्या पाहिल्या होत्या, आणि एक गोष्ट त्यांच्या अनुभवाला आली होती. ज्या सुधारणेला पन्नास वर्षे लागणार, तिच्यावर बोलताना माणसे उत्साहाने पुढे सरसावतात; जी उद्या सकाळी करता येईल, तिचा विषय निघताच घड्याळ पाहतात. मोठी सुधारणा करायची असल्याचे कारण सांगून लहान सुधारणा टाळता येते, आणि मोठी तर टळलेलीच असते.

‘बोला,’ अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी घड्याळ पाहिले.

बाईंनी डबा उघडला. आधी काळी बटणे टाकली, त्यांवर पांढरी. ‘ही आधी आलेल्या गाडीतली मतं. ही पांढरी, उशिरा आलेल्या गाडीतली. आता नियम बावीसप्रमाणे जास्तीची वीस काढते.’ त्यांनी वरची वीस बटणे टेबलावर मांडली. वीसही पांढरी. ‘डब्यात अर्धी काळी आहेत. त्यांचं म्हणणं कोणी विचारलंच नाही.’

तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच नऊ माणसे बाईंच्या हातांकडे मन लावून पाहत होती. प्राध्यापक तर खुर्चीतून अर्धे उठले होते. ‘हे असं चालतं?’ ते म्हणाले. ‘इतकी वर्षं?’

‘इतकी वर्षं,’ बाई म्हणाल्या. ‘आता यावर उपाय असा, की वीस निवडायचीच नाहीत. सगळीच्या सगळी—’

तेवढ्यात काकांनी हात लांब करून डबा ओढला, टेबलावरची बटणे त्यात सारली, झाकण लावले आणि कानापाशी धरून खडखड हलवला. ‘हे घ्या!’ झाकण काढून त्यांनी डबा अध्यक्षांपुढे धरला. ‘आता काढा वीस. मिसळलं की झालं! एवढ्यासाठी बाई चौदा वर्षं झुरताहेत होय?’

सगळे मनापासून हसले. हसण्यात सुटका होती. प्रश्न गंभीर निघाला होता आणि लगेच सुटलाही होता.

‘मिसळून होत नाही, साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘मिसळलं तरी वीसच निघणार. आधी गाडी ठरवत होती, आता हात ठरवणार. उरलेल्या ऐंशी जणांना—’

‘फार उद्बोधक साक्ष,’ अध्यक्ष म्हणाले. ‘अशी प्रात्यक्षिकं सगळ्यांनी आणली, तर आमचं काम किती सोपं होईल. आभारी आहोत.’

दहा मिनिटांपैकी सहा झाली होती.

अहवालात एक्केचाळीस शिफारशी होत्या. चाळीस शिफारशी ‘व्यापक विचारविनिमयासाठी’ राखून ठेवण्यात आल्या. एक्केचाळिसावी लगेच मान्य झाली, कारण तिला कायदा लागत नव्हता, खरेदी लागत होती. ‘मतमोजणी कर्मचाऱ्यांकडून मतपत्रिका पुरेशा मिसळल्या जात नसल्याचे साक्षीत आढळून आले,’ असे तीत म्हटले होते. ‘सबब प्रत्येक मोजणी केंद्रास मिसळण्याचे पिंप पुरवावे.’ नियम बावीसमधले ‘वरच्या’ जाऊन तिथे ‘पिंपातून काढलेल्या’ आले.

बाईंनी ते घरी ताईंना वाचून दाखवले.

‘म्हणजे,’ ताई सावकाश म्हणाल्या, ‘तू नियमाची तक्रार केलीस आणि त्यांनी तुमचीच तक्रार लिहून घेतली.’

‘हो.’

‘आणि वर पिंप दिलं.’

‘हो, ताई.’

‘चूक माझीच. झाकण नसलेला डबा द्यायला हवा होता.’

बाई हसल्या नाहीत. ताईंनी यंत्र थांबवले आणि त्यांच्याकडे नीट पाहिले. ‘जाऊ दे ग. चार महिने राहिलेत. डोकं फोडून घेऊ नकोस.’

‘डोकं फोडून घेत नाहीये. डोकं राहिलंय कुठे आता?’ बाई म्हणाल्या आणि अहवालाच्या पानांना टाचणी लावत बसल्या.

पिंप आले. लाकडी, पितळी पट्ट्यांचे, बाजूला फिरवायची मूठ असलेले. साहेब नवे होते, बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि मनाने वाईट नव्हते. ‘बघा बाई,’ ते पिंपावर थाप मारून म्हणाले, ‘खास तुमच्यासाठी.’

‘मी मेल्यावर यातच घाला मला,’ बाई म्हणाल्या. ‘पंचवीस वेळा फिरवा म्हणजे सगळ्यांचं समाधान.’

बाईंची शेवटची मोजणी एका मंगळवारी सकाळी नऊला सुरू झाली. तीन जागा, चार उमेदवार, वैध मते दोनशे चाळीस. एकसष्ट मते मिळाली की निवड पक्की. पहिल्या पसंतीची मोजणी बारापर्यंत संपली. एका वकिलांना शंभर मते पडली होती. विमा कंपनीच्या एका माजी व्यवस्थापकांना नेमकी एकसष्ट. हे दोघे निवडून आले. उरलेल्या एका जागेसाठी एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना एक्केचाळीस; आणि एक रस्त्यांची कामे घेणारे ठेकेदार, त्यांना अडतीस. आता सगळे वकिलांच्या शंभर पत्रिकांवर होते. त्यांतली एकोणचाळीस जास्तीची होती. व्यवस्थापक आधीच निवडून आल्यामुळे पुढची पसंती डॉक्टरीणबाई किंवा ठेकेदार, यांपैकीच कोणाकडे तरी जाणार होती.

शंभर पत्रिका पिंपात गेल्या. शिपायाने मूठ पंचवीस वेळा फिरवली. बाईंनी एकोणचाळीस पत्रिका काढल्या. डॉक्टरीणबाईंना वीस, ठेकेदारांना एकोणीस. बेरीज : डॉक्टरीणबाई एकसष्ट, ठेकेदार सत्तावन्न.

‘अभिनंदन,’ साहेब डॉक्टरीणबाईंच्या भावाला म्हणाले. तो तिथे बहिणीचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. ठेकेदारांच्या वतीने त्यांचा मेहुणा होता. दणकट, भडक सदरा, आणि सकाळपासून शेंगदाणे खात असलेला. त्याने पुडी बाजूला ठेवली आणि हात वर केला.

‘फेरमोजणी पाहिजे.’

‘हक्कच आहे तुमचा,’ साहेब म्हणाले. ‘बाई, पुन्हा एकदा मोजून दाखवा यांना.’

बाईंनी पत्रिकांकडे हात नेला आणि तो तसाच थांबला. फेरमोजणी म्हणजे संपूर्ण कृती पहिल्यापासून, असे नियमात होते. पूर्वी त्याने बिघडत नसे. गठ्ठ्याचा क्रम तोच राही, वरच्या पत्रिका त्याच राहत, निकालही तोच येई. पण आता संपूर्ण कृतीत पिंप होते. समितीतल्या नऊ जणांच्या हे ध्यानात आले नव्हते. आणि बाईंच्याही, संतापाच्या भरात, तोवर आले नव्हते.

‘साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘पत्रिका पुन्हा पिंपात घालाव्या लागतील.’

‘मग घाला की.’

पंचवीस फेरे. एकोणचाळीस पत्रिका. डॉक्टरीणबाईंना सतरा, ठेकेदारांना बावीस. डॉक्टरीणबाई अठ्ठावन्न, ठेकेदार साठ. एकसष्ट कोणालाच नसली, तर ज्याची जास्त तो निवडून येई.

मेहुण्याने मांडीवर थाप मारली. ‘मला वाटलंच होतं! पहिल्यांदा गडबड केली होती यांनी.’

‘कोणी गडबड केलेली नाही,’ बाई म्हणाल्या.

‘मग आधीचं खरं की आत्ताचं?’ डॉक्टरीणबाईंचा भाऊ उठून उभा राहिला. तो शाळेत इतिहास शिकवत असे आणि सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. ‘ते काही नाही. मलाही फेरमोजणी पाहिजे.’

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई दोन मतांनी निवडून आल्या. चौथ्या खेपेला ठेकेदार चार मतांनी. शिपायाचा दंड भरून आला, तेव्हा मूठ फिरवायला दुसरा शिपाई आला. प्रत्येक वेळी पडणारा हात वर करी आणि जिंकणारा ‘आता पुरे’ म्हणे, आणि पुढच्या वेळी दोघे आपापली वाक्ये बदलून घेत. दोन्ही उमेदवार बाहेर व्हरांड्यात होते. त्यांच्या गळ्यात हार पडत आणि उतरत होते. साडेतीन वाजता पाचवी मोजणी झाली. डॉक्टरीणबाईंना अठरा, ठेकेदारांना एकवीस. एकोणसाठ आणि एकोणसाठ.

दुसऱ्या शिपायानेही मुठीवरून हात काढला.

‘बरोबरी झाली, तर चिठ्ठी टाकायची, असा नियम आहे,’ साहेब कसेबसे म्हणाले. त्यांनी गळपट्टा सैल केला होता.

‘चिठ्ठी?’ मेहुणा गरजला. ‘सकाळपासून दुसरं काय चाललंय मग? पिंपात काय तुम्ही लोणी काढत होतात?’

‘हे मात्र त्यांचं खरं आहे,’ इतिहासाचे मास्तर म्हणाले. दिवसभरात दोघांचे एकमत झालेली ही पहिली गोष्ट होती.

‘बाई,’ साहेब हलक्या आवाजात म्हणाले, ‘काहीतरी करा.’

चौदा वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली, ते इतके दमलेले आणि अजागळ रूप घेऊन समोर येईल, असे बाईंना वाटले नव्हते. त्यांना आनंद झाला नाही. पाय दुखत होते.

‘नियम पस्तीस काढा,’ त्या म्हणाल्या. ‘ज्या गोष्टीची तरतूद नाही, ती निवडणूक अधिकाऱ्याने ठरवावी. पाच मोजण्यांतली खरी कोणती, याची तरतूद कुठेच नाही. तुम्ही ठरवू शकता.’

‘काय ठरवू?’

‘शंभरही पत्रिका मोजायच्या. एकही वगळायची नाही. शंभरांत एकोणचाळीस जास्तीच्या, म्हणून प्रत्येकीची किंमत एकोणचाळीस शतांश. पिंप नको, हात नको, नशीब नको. कितीही वेळा मोजा, तेच येईल.’

मेहुण्याने डोळे बारीक केले. ‘त्यात आमचं कोण येतं?’

‘मला माहीत नाही.’

‘असं कसं? तुम्ही तर सगळ्या पत्रिका बघितल्यात.’

‘पाच वेळा प्रत्येक वेळी एकोणचाळीसच बघितल्या. शंभर अजून कोणीच बघितल्या नाहीत.’ बाईंनी दोन कोरे कागद पुढे सरकवले. ‘ही पद्धत मान्य आहे, असं लिहून द्या दोघांनी. आधी सही, मग गणित. निकाल बघून न्याय आवडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत.’

मास्तरांनी सही केली. मेहुण्याने बराच वेळ पेन फिरवले. मग म्हणाला, ‘दाजींना विचारून येतो,’ व्हरांड्यात जाऊन आला, आणि त्यानेही केली.

अकरा मिनिटे लागली. शंभर पत्रिकांपैकी डॉक्टरीणबाईंना अठ्ठेचाळीस, ठेकेदारांना बावन्न. बाईंनी गुणाकार कागदावर मोठ्या आकड्यांत मांडला, म्हणजे दोघांना आपापला करून पाहता यावा. डॉक्टरीणबाई एकोणसाठ आणि बहात्तर शतांश. ठेकेदार अठ्ठावन्न आणि अठ्ठावीस शतांश.

मेहुण्याने गुणाकार तपासला. पुन्हा तपासला. ‘आमचं गेलं,’ तो म्हणाला. ‘पण गेलं का, ते निदान कळलं.’ मग एकदम चिडून बाईंकडे वळला. ‘अहो, हे एवढं सोपं होतं, तर सकाळीच का नाही सांगितलंत?’

‘चौदा वर्षं सांगतेय.’

‘कोणाला?’

बाईंनी हाताने दालन, पिंप, भिंतीवरची नियमावली, असे सगळे एकदमच दाखवले.

बाहेर शेवटचा हार पडला. आत साहेबांनी निकालपत्र लिहिले आणि सहीसाठी बाईंपुढे ठेवले. मोजणीप्रमुखाच्या सहीशिवाय निकाल जाहीर होत नसे. बाईंनी पत्र पहिल्या ओळीपासून वाचले. आकडे बरोबर होते. पद्धतीचे वर्णन बरोबर होते. शेवटी एक वाक्य होते : ‘सदर पद्धत उभय पक्षांच्या संमतीने केवळ या प्रसंगापुरती अवलंबिली असून, हा पायंडा समजू नये.’

त्यांनी पेनाला टोपण लावले.

‘आता काय झालं?’ साहेब म्हणाले.

‘शेवटचं वाक्य.’

‘ते रीतीचं असतं हो. वरून विचारणा झाली, तर आपल्याला उत्तर नको का?’

‘पाच वेळा मोजून पाच प्रकारे जे आलं, तो नियम. आणि भांडणाऱ्या दोघांनी सह्या करून जे मानलं, तो अपवाद. असंच लिहिलंयत ना?’

‘शब्दांत पकडू नका, बाई. तुमच्या मनासारखं झालं ना? लागला ना निकाल?’

‘निकाल डॉक्टरीणबाईंचा लागला. मी दोन महिन्यांनी घरी जाणार.’ त्यांचा आवाज चढला नाही, पण साहेब खुर्चीत सरळ झाले. ‘माझ्या जागी जी कोणी येईल, तिच्यापुढे एक दिवस हेच पिंप येणार. ती कपाटातून जुने कागद काढील. तेव्हा तिला हे पत्र मिळावं, आणि खाली “असं पुन्हा करू नका” असं वाचायला मिळावं? त्यापेक्षा मिळालंच नाही तर बरं. माझी सही तुम्हाला मिळणार नाही.’

‘लोक बाहेर ताटकळलेत!’

‘पाच वाजलेत. मला कुठे जायचं नाही.’

साहेबांनी दाराकडे पाहिले, पिंपाकडे पाहिले, छताकडे पाहिले. आपल्याला हे खाते कोणी दिले, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटला होता. ‘वरून आलं तर तुमचं नाव सांगेन,’ ते म्हणाले.

‘सांगा. शुद्ध लिहा फक्त.’

साहेबांनी पेन उचलले, त्या वाक्यावरून आडवी रेघ ओढली, बाजूला आपली लहान सही केली आणि पत्र टेबलावरून जवळजवळ फेकले.

बाईंनी ते सरळ केले, चष्मा लावला आणि रेघेखालची ओळ बोट फिरवत सावकाश वाचली.

‘साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘अजून वाचता येतंय.’